खुलासा: ‘लाइक’ दिसलं की सिमिली, हे खरं नाही

नागपुरातल्या दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर इंग्रजीतल्या अलंकारांबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘वाक्यात लाइक किंवा ॲज असेल तर डोळे झाकून सिमिली लिहा, नसेल तर मेटाफर.’ सिमिली म्हणजे आपली उपमा, मेटाफर म्हणजे रूपक. हा नियम चुकीचा आहे, आणि मुलं तो पाठ करताहेत याची मला खरंच काळजी वाटते.

‘आय लाइक ऑरेंजेस’मध्ये लाइक हे साधं क्रियापद. ‘ही वर्क्स ॲज अ क्लार्क’मध्ये ॲज फक्त काम सांगतो. तुलनाच नाही, तर अलंकार कुठून येणार?

खरी गफलत पुढे आहे. ‘नागपूर इज ॲज हॉट ॲज चंद्रपूर’ ही तुलना आहे, पण सिमिली नाही. दोन्ही शहरंच, तापमान मोजून पडताळता येईल. ‘नागपूर इज ॲज हॉट ॲज अ फर्नेस’ ही मात्र सिमिली, कारण शहर आणि भट्टी या वेगळ्या जातीच्या गोष्टी आणि त्यांच्यातला एकच गुण उचललाय. ‘नागपूर इज अ फर्नेस’ म्हटलं की शहरच भट्टी झालं, हा मेटाफर. मराठीच्या तासाला उपमा आणि रूपक शिकलेल्या मुलांना हे चटकन कळतं. तिथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

मेसेजचा दुसरा भागही खोटा. ‘द विंड व्हिस्पर्ड’मध्ये लाइक नाही, ॲज नाही, पण वारा माणसासारखा कुजबुजतोय, म्हणून उत्तर पर्सॉनिफिकेशन.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा, ही विनंती.