थ्रीडी ध्वनी हॉलमध्येच टिपावा लागतो

‘ऑर्केस्ट्रा नेहमीसारखा स्टिरिओत रेकॉर्ड करा, थ्रीडी काय, नंतर मिक्सिंगमध्ये होतं.’ हा दावा सध्या सगळीकडे फिरतोय. थ्रीडी म्हणजे पुढून, मागून, कडेने आणि वरूनही ऐकू येणारा ध्वनी. त्यासाठी दिली जाणारी कारणं तपासली की तो टिकत नाही.

पहिलं कारण: रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, घातला की हॉल तयार होतो. रिव्हर्बला माझा विरोध नाही. कोरड्या स्टुडिओत त्याच्यावाचून चालत नाही. पण कुठलंही वाद्य सगळ्या दिशांना सारखं वाजत नाही. फ्रेंच हॉर्नचं तोंड वादकाच्या मागे वळलेलं असतं, त्यामुळे त्याचा बराच आवाज मागच्या भिंतीवर आपटून श्रोत्यापर्यंत येतो. वाद्याच्या अगदी जवळ लावलेला स्पॉट माइक त्याची एकच बाजू टिपतो आणि रिव्हर्ब त्या एकाच बाजूला लांबवतो. हॉलने मात्र सगळ्या बाजू ऐकलेल्या असतात. कडेच्या भिंतींवरून काही मिलिसेकंदांच्या अंतराने येणाऱ्या परावर्तनांमुळे आवाज आपल्याला वेढतो. व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन हे संगीत सभागृह त्यासाठीच नावाजलेलं आहे. ही परावर्तनं टिपायला हामासाकी स्क्वेअर या रचनेत साधारण २-३ मीटर बाजूच्या चौकोनावर चार फिगर-एट माइक (पुढून-मागून ऐकणारे, कडेने बहिरे) लावतात. त्यांची बहिरी बाजू रंगमंचाकडे आणि ऐकणारी बाजू भिंतींकडे. वादक उठून गेल्यावर हे कुठून आणणार?

दुसरं कारण: वादक खाली बसलेले, मग उंचावर वेगळे माइक कशाला? छताकडून येणाऱ्या परावर्तनांसाठी. हॉलची उंची त्यांतूनच जाणवते. मात्र त्या माइकमध्ये थेट आवाज मुख्य माइकपेक्षा साधारण ७ ते १० डेसिबलने कमी हवा, नाहीतर व्हायोलिनं छताकडे सरकल्यासारखी वाटतात. म्हणून वरचे माइक दिशादर्शी घेऊन रंगमंचापासून वळवतात. हा निर्णय माइक लावतानाच घ्यावा लागतो.

हेडफोनला दोनच कान, मग इतके चॅनेल कशाला, हा तिसरा मुद्दा. हेडफोनसाठीची बायनॉरल प्रक्रिया दोन कानांतच प्रत्येक चॅनेलला (स्वतंत्र ध्वनिमार्गाला) त्याची दिशा देते. चॅनेलमध्ये खरा वेगळा आवाजच नसेल, तर दिशा देणार कशाला?

राहता राहिल्या जुन्या रेकॉर्डिंगच्या चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या नव्या आवृत्त्या, ज्या ‘नंतरही जमतं’ याचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. फिलिप्सने १९७०च्या दशकात चार चॅनेलवर केलेली काही रेकॉर्डिंग पुढे पेंटाटोन या रेकॉर्ड कंपनीने मल्टिचॅनेल एसएसीडीवर, म्हणजे दोनपेक्षा जास्त चॅनेल असलेल्या डिस्कवर, आणली. त्यांचे मागचे चॅनेल सॉफ्टवेअरने बनवलेले नाहीत. ते रेकॉर्डिंगच्या वेळीच टेपवर घेतलेले होते.