रेअर रेकॉर्ड ओळखायची खात्रीशीर पद्धत

रेकॉर्ड रेअर आहे की नाही हे ठरवायला तबकडी बघायचीच नसते, हे आधी डोक्यात घ्या. विकणाऱ्याचा चेहरा बघा. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एखाद्यानी पोत्याखालून पिशवीतली एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी तबकडी, काढली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून "भिया, लास्ट पीस है, बंबई की पार्टी आ रही है" म्हणाला की झालं, रेअर. शेजारच्याकडे त्याच एलपीच्या चार कॉप्या पडल्या असतील तर तिकडे बघू नका, उगीच मन विटतं.

जुनं ते रेअर हा पुढचा नियम. लताबाईंची गाणी कलकत्त्याकडच्या डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यातून ढिगानी निघाली, पण बाईंचा जन्म इंदूरचा, १९२९ चा, त्यामुळे इथे माहेरचा रेट लागतो, तो निमूट द्यावा. शोलेच्या डायलॉगची एलपी तर ज्याच्या घरी प्लेयर त्याच्या घरी असायची, तरी ती दर महिन्याला कुठेतरी 'शेवटची' निघते. आणि १९९० च्या आसपासच्या सिनेमांच्या एलपी, तेव्हा सगळे कॅसेटवर गेलेले म्हणून मुळात कमीच छापल्या आणि आता खरंच हाताला लागत नाहीत, त्या मात्र "ही तर कालची" म्हणून बाजूला सारायच्या.

तारखेवरून वाद घालू नये. "१९४० ची ओरिजिनल एलपी" म्हणाला तर मान डोलवा. एलपी अमेरिकेतच १९४८ ला आली हे खरं, पण रामबागेतल्या कुणा काकांना आधी मिळाली असेल, आपल्याला काय माहीत. साठ सालच्या कव्हरमागे बारकोड दिसला तर त्यावर अंगठा ठेवा. आणि शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो ना, त्यात बारीक मॅट्रिक्स नंबर असतो, त्यावरून पहिली प्रेस, म्हणजे पहिली छपाई, की नंतरची हे बरंचसं कळतं, म्हणून तर तिथे टॉर्च मारायचाच नाही. कळलं म्हणजे मग घेता येत नाही.

कंडिशनचं फार मनावर घेऊ नका. कव्हरचा कोपरा उंदरांनी खाल्लाय, वर निळ्या शाईत 'चि. नंदूस मावशीकडून सप्रेम भेट', आत पांढरी बुरशी, आणि तबकडी भलत्याच सिनेमाची. याला व्हिंटेज म्हणतात. दुकानदार शर्टाच्या टोकाला थुंकी लावून ती गोल गोल पुसत असेल तर तो जाणकार आहे, मधे बोलू नका.

भाव ऑनलाइन बघायचा, पण फक्त मागितलेला. खाली शेवटची कितीला विकली गेली तेही दिलेलं असतं, तिथपर्यंत स्क्रोल करू नये, बीपी वाढतं.

कुणाला हवी आहे का, हा प्रश्नच विचारायचा नाही. एखाद्या कंपनीनी डीलर लोकांसाठी काढलेली साहेबांच्या भाषणाची रेकॉर्ड खरोखर दुर्मिळ असते, आणि फुकट दिली तरी कुणी नेत नाही. याच्या उलट हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी १९८२ साली सिंथेसायझरवर रागांना डिस्कोचा ठेका लावून एक एलपी केली, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही, पुढे परदेशातल्या लोकांच्या उड्या पडल्या आणि २०१० मधे ती परत छापावी लागली. तुम्ही निश्चिंत रहा, अशी समोर आली असती तरी आपण सगळ्यांनी "हे काय बीप बीप" म्हणून ठेवूनच दिली असती.

आता माळ्यावरच्या त्या जाड ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या. त्या एलपीसारख्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, नाहीतच, लाखेच्या आहेत, पडल्या की तुकडे. बाकी बऱ्याच जगात ७८ बंद झाल्या तरी आपल्याकडे चालू होत्या, त्यामुळे साठच्या दशकात बीटल्सचीही गाणी भारतात ७८ वर निघाली, आणि आज परदेशातले संग्राहक त्यांच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत इंग्रजी नावाची अशी एखादी निघाली तर, गाणं ओळखीचं नाही, सुई बसत नाही, भजनही नाही, सरळ रद्दीवाल्याला किलोनी द्या. तोही म्हणेल, "भिया, इसमें वजन अच्छा है."