सोडून गेलेल्याचं गाव

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावची मराठी शाळा बंद करण्यावरून वाद पेटलाय. मी विरोधात दोन ओळी लिहिल्या, तर दादाचं उत्तर आलं: तुम्ही देश सोडलात, पोरं जर्मन बोलतात, तुम्ही कशाला मराठीची काळजी करता?

तेव्हापासून मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतेय, आणि प्रत्येक वेळी अठराव्या शतकातल्या डानिएल खोदोव्हिएत्स्की या चित्रकाराला साक्षीला काढतेय. इथे बर्लिनमध्ये, शोसेश्ट्रास या रस्त्यावरच्या फ्रेंच दफनभूमीत त्याची कबर आहे. माझी ट्राम त्याच भागातून जाते.

जन्म 1726 चा, दान्त्सिगचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कचा. वडील पोलिश वंशाचे धान्यव्यापारी, आई ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट घराण्यातली. 1743 मध्ये पोरगा बर्लिनला मामाकडे आला आणि तपकिरीच्या डब्यांवर मीनाकाम करू लागला. पुढे तो तांब्याच्या पत्र्याकडे वळला. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, मग आम्लात बुडवायचा. उघडं पडलेलं तेवढंच तांबं आम्ल खातं. अशी 2000 हून जास्त चित्रं त्याने केली, बरीचशी तळहाताएवढी, कॅलेंडरांसाठी नि पुस्तकांसाठी. 1770 च्या बर्लिनच्या कॅलेंडरात जर्मन नाटककार लेसिंगच्या 'मिन्ना फॉन बार्नहेल्म' नाटकावरची त्याची बारा चित्रं आहेत. त्या काळचं बर्लिनचं मध्यमवर्गीय घर, जेवणाचं टेबल, शिकवणीला बसलेली मुलं जर्मन लोक आज पाहतात ती या बाहेरून आलेल्या माणसाच्या सुईतून. 1797 मध्ये तो इथल्या कला अकादमीचा प्रमुख झाला.

आणि गाव? 1773 मध्ये, तीस वर्षांनी, तो घोड्यावर बसून आईला भेटायला दान्त्सिगला गेला. वाटेतल्या खानावळी, नदीवरच्या नावा, घरची माणसं, सगळ्यांची शंभरावर रेखाटनं केली. प्रवासाची रोजनिशी लिहिली फ्रेंचमध्ये. दादाच्या हिशेबाने या माणसाचा दान्त्सिगवर काहीच हक्क उरत नाही. ती रेखाटनं पाहून मला कुणी हे पटवून द्यावं.

दादाचं बोलणं एवढं का झोंबलं, तेही सांगते. माझ्या मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. कीटातून, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीतून, तिला घ्यायला जाते तेव्हा इतर आयांसमोर मीही जर्मनच बोलते. रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा असला तरी मी थांबते, आणि पुण्यात कुणी थांबत नाही म्हणून चिडते. इथे मला माझ्या नावाचा उच्चार अजून सांगावा लागतो. तिथे माझ्या मराठीत जर्मन हेल ऐकू येतो म्हणे.

पण मी अक्षरं गिरवली ती त्याच शाळेच्या पडवीत. दादाची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, त्यांच्या वडिलांना मात्र ग्रुपवर कुणी गप्प बसायला सांगत नाही. मे महिन्यात मी येतेय. शाळेबद्दल गावात बैठक होईल तेव्हा मी बोलणार आहे, आणि मुलगी माझ्या शेजारी बसलेली असेल.