पंधरा सेंटिमीटरचा अडसर

युरोपातल्या छोट्या शिडाच्या होड्या इकडे अमेरिकेत सहसा मिळत नाहीत, आणि आणायला गेलं तर मापावर अडतं. मालवाहू कंटेनरच्या दाराची रुंदी २.३४ मीटर. बेल्जियमच्या एटॅप २१आय या शिडाच्या होडीची रुंदी २.४९ मीटर. या १५ सेंटिमीटरांनी डोकं फिरवलंय! हीच होडी जर्मनीत कारमागे ट्रेलर लावून कुठल्याही खास परवान्याशिवाय नेता येते. अमेरिकेच्या हायवेवर तर मर्यादा ८ फूट ६ इंचांची, म्हणजे २.५९ मीटर, तिथे ती आरामात बसते. फक्त अटलांटिक ओलांडायला जो डबा लागतो त्याच्या दारातून ती आत जात नाही. मग घ्या फ्लॅट रॅक, म्हणजे बाजू आणि छत नसलेला कंटेनर. माल बाजूने बाहेर आला की जहाजावरच्या शेजारच्या जागा अडतात, आणि त्या रिकाम्या जागांचं भाडंही होडीवाल्यानेच भरायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

रो-रो जहाजाने (ज्यात गाड्या चाकांवरच आत ढकलतात) पाठवायची म्हटलं तर हिशोब घनमीटरवर. ट्रेलरसकट ८ मीटर लांब, अडीच रुंद, अडीच उंच धरली तर ५० घनमीटर. पण डोलकाठी डेकवर आडवी बांधलेली असते. ती पुढे-मागे एकेक मीटर बाहेर आली की लांबी १० मीटर आणि आकडा साडेबासष्टवर. एका काठीपायी साडेबारा घनमीटर जास्त! म्हणून लोक डोलकाठी मधोमध कापतात, आतून स्लीव्ह घालून परत जोडतात, किंवा ती तिकडेच विकून अमेरिकेत नवी करून घेतात.

आणि या होड्या काही खेळणी नाहीत. १८ ते २४ फूट लांबी, दोघा-तिघांना झोपायला जागा, शेगडी, गुडघाभर पाण्यात शिरायची ताकद. कॉरिबी ही ब्रिटिश होडी २१ फुटांचीसुद्धा नाही, आणि तिच्यातून ब्रिटिश दर्यावर्दी एलेन मॅकआर्थर १९९५ मध्ये अठराव्या वर्षी एकटीने ब्रिटनची प्रदक्षिणा करून आली. एटॅपच्या दोन कवचांमध्ये फोम भरलेला असतो, पाणी भरलं तरी बुडत नाही. इंग्लंडच्या ओहोटीच्या बंदरांत दुहेरी कीलच्या (तळाखाली दोन उभ्या पात्या असलेल्या) होड्या चिखलावर सरळ उभ्या राहतात, एका कुशीवर कलंडत नाहीत. अमेरिकेच्या चेसापीक उपसागराची सरासरी खोली जेमतेम २१ फूट, त्याच्या खाड्यांमध्ये तर कित्येक ठिकाणी तीन-चार फूटच पाणी. या होड्या जिथे हव्यात तिथेच नाहीत.

या होड्या का आणत नाही असं विक्रेत्यांना विचारा, ठरलेलं उत्तर: अमेरिकन माणसाला लहान होडी नको, त्याला उभं राहायला उंची हवी, शॉवर हवा. साफ खोटं! अमेरिकेत वर्षानुवर्षं खपलेली वेस्ट वाइट पॉटर मुळात इंग्लंडची, आइल ऑफ वाइटच्या स्टॅन्ली स्मिथची. कॅलिफोर्नियात बनायला लागली आणि लोकांनी घेतली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खरं कारण टक्केवारीचं आहे. चाळीस फुटी यॉट विकली की कमिशन भरभक्कम, एकवीस फुटीवर किरकोळ, आणि प्रदर्शनात स्टॉल, माणसं, कागदपत्रं यांची धावपळ मात्र तेवढीच.

कागदपत्रांचा बाऊ तर सांगूच नका. युरोपातला होडीचा ओळख क्रमांक १४ अक्षरांचा, अमेरिकेतला १२ अक्षरांचा. फरक सुरुवातीच्या देशाच्या दोन अक्षरांचा! बनवणाऱ्याचा सांकेतिक शब्द अमेरिकन कोस्ट गार्डकडे नोंदवला की काम झालं. आउटबोर्ड इंजिनावर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं लेबल नसेल तर इंजिन तिकडेच ठेवा, इकडे नवं घ्या. ट्रेलरही तिकडेच सोडा: त्याची कपलिंग ५० मिलिमीटरच्या बॉलची, इथला बॉल दोन इंची म्हणजे ५०.८, आणि दिव्यांचं वायरिंग वेगळंच. आयातकर पूर्वी दीड टक्का होता, २०२५ मध्ये युरोपच्या मालावर १५ टक्के आला. हा एकच मुद्दा खरोखर जड आहे.

ज्याने होडी आणलीच त्याचा जीव मग बारीकसारीक गोष्टी खातात. सगळ्यात घातक म्हणजे पाइपांचे आटे. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश माप) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन माप), दोन्हींना इंचाला १४ आटे. हाताने फिरवलं की दोन-तीन आटे छान बसतात, वाटतं जमलं. पण बीएसपीचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०, शिवाय एनपीटी निमुळता. पान्याने आवळलं की आटे एकमेकांना खातात. टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबल्यासारखी दिसते, आणि हा जोड असतो कुठे, तर पाण्याच्या पातळीखाली, सी-कॉकवर, म्हणजे होडीच्या कवचातल्या भोकावरच्या व्हॉल्व्हवर! हा जुगाड कोणीही करू नये. स्किन फिटिंग (कवचातल्या भोकात बसणारा तुकडा), व्हॉल्व्ह, होजची नळी, पूर्ण संच एकाच मापाचा बसवा.

शेगडीच्या गॅसची कॅम्पिंगाझ ९०७ ही युरोपातली निळी टाकी अमेरिकेत भरून मिळत नाही, आणि इथली पाच पौंडी प्रोपेनची टाकी उंच, खणाचं झाकणच लागत नाही. किनाऱ्यावरच्या विजेवर चालणारा चार्जर २३० व्होल्टचा, इथे १२०, म्हणजे तोही बदला. संडास थेट समुद्रात सोडणारा असेल तर तीन मैलांच्या आत बेकायदा. लहान होडीत सरळ उचलता येणारा पोर्टेबल ठेवा.

बरं, अमेरिकेत आधीच असलेली जुनी वेस्टर्ली सेंटॉर ही दुहेरी कीलची ब्रिटिश होडी घ्यावी म्हणावं (१९६९ ते १९८० मध्ये २४०० वर बनल्या, काही इकडे आल्या), तर विकणारा कीलबद्दल अवाक्षर काढत नाही. जुन्या सेंटॉरचं दुखणं तिथेच आहे: दोन्ही कील बाहेरच्या बाजूला फाकतात आणि त्या जिथे जोडल्या आहेत तिथलं फायबर वाकून थकतं. होडी पट्ट्यांवर उचला, कीलचं टोक दोन्ही हातांनी ढकला, त्याच वेळी आत झोपायच्या बाकाखाली कीलच्या बोल्टभोवती दुसऱ्याला बघायला सांगा. केसासारख्या चिरा दिसल्या किंवा तळ हलला तर आडव्या फ्रेम घालून फायबरने पक्कं करावं लागेल. तो खर्च आधी किमतीतून वजा करा, मग सौदा बोला.

आणि अजूनही कोणी म्हणत असेल की आणणं परवडत नाही, तर त्याने टेप घेऊन मोजावं. कॉर्निश श्रिम्पर १९ ही ब्रिटिश होडी, रॉजर डोंग्रेने आखलेली, १९७९ ची, हजारावर बनलेली. रुंदी २.१८ मीटर, दारातून जाते, दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटिमीटर सुटतात. हल, म्हणजे होडीचं धड, ५.८७ मीटर लांब. चाळीस फुटी कंटेनर आतून १२.०३ मीटर. सुकाणू आणि पुढची काठी काढून, डोलकाठ्या बाजूला ठेवून, दोन श्रिम्पर एकामागे एक ठेवल्या तर ११.७४ मीटर होतात. एका डब्यात दोन होड्या, भाडं निम्मं निम्मं, आणि वर २९ सेंटिमीटर शिल्लक.