बसपास अत्यंत धोकादायक आहे

सगळं सुरू झालं एका एक्सेल शीटपासून. चाकणच्या एका मोठ्या कस्टमरनं पाठवलेली, १८६ प्रश्न, प्रत्येकापुढे होय किंवा नाही, आणि त्यातला सत्ताविसावा प्रश्न असा की तुमच्या कोडचं सिक्युरिटी स्कॅनिंग होतं का. आम्ही भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी बिलिंगचं आणि पगाराचं सॉफ्टवेअर करतो, बाणेरला तिसऱ्या मजल्यावर, बावीस डेव्हलपर आणि एक कॉफी मशीन. मी बिनधास्त 'होय' लिहिलं. अगदी खोटं नव्हतं हो, आमच्याकडे लिंटर चालतं, म्हणजे कोडमधल्या बारीकसारीक चुका दाखवणारं टूल. पण या लिंटरांचा मूळपुरुष १९७८ साली बेल लॅब्जमधे सी भाषेसाठी लिहिलेला, नावच मुळी कपड्याला चिकटलेल्या धाग्या-दोऱ्यांवरून पडलेलं, म्हणजे हा कपडा झटकून देणार, खिसा कापलाय की नाही ते बघणार नाही. कस्टमरचं उत्तर अर्ध्या तासात आलं. टूलचं नाव आणि मागच्या तिमाहीचा रिपोर्ट जोडावा.

मॅनेजर म्हणाला, "चार टूलं बघ, एक निवड, दोन आठवडे बास झाले की." आमच्या घरी मिक्सर निवडायला पाच महिने लागले होते आणि तेव्हा प्रश्न फक्त चटणीचा होता.

खरं तर मला हे टूल चार वर्षांपूर्वीच हवं होतं. १० डिसेंबर २०२१, शुक्रवार, मावसबहिणीची हळद, आणि मी मांडवाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसलेले कारण लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत (लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला, आपण नुसता आणून वापरायचा तयार कोड) असं भोक सापडलं होतं की त्याला धोक्याच्या मापात दहापैकी दहा मार्क मिळाले. दहापैकी दहा! सगळ्या जगाला त्या रात्री एकच प्रश्न, आपल्याकडे ती लायब्ररी आहे का? आमचं उत्तर, नाही. मग रात्री साडेदहाला कळलं की आहे, आपण थेट आणलेली नाही पण पीडीएफ बनवायला जी लायब्ररी आणली तिच्या पोटात दुसरी आणि तिच्या पोटात ही. म्हणजे लग्नाला बोलावलं एकाला आणि आले अकरा तसं. बरं एकदा पॅच मारून संपलं असतं तर ठीक, पण हळदीला दुरुस्त आवृत्ती २.१५ टाकली, तीही पुरेना म्हणून सत्यनारायणाला २.१६ आणि मांडवपरतणीला २.१७. त्या लॅपटॉपचं एंटरचं बटण अजून पिवळट आहे.

तर टूलं. ट्रायल घेताना एका कागदावर सही करून घेतात, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तुमचे निकाल बाहेर सांगायचे नाहीत, त्यामुळे खरी नावं सांगत नाही, आमच्या टीममधे पडलेली नावं सांगते. पहिलं आत्या, दुसरं जावई, तिसरं शेजारचा पोरगा. (चौथ्याच्या सेल्सवाल्यानं डेमोची लिंक पाठवली आणि तो स्वतःच आला नाही, तो विषय संपला.)

डेमोचं एक सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. वेबगोट, ज्यूस शॉप अशी काही अॅप्लिकेशन्स असतात, मुद्दाम भोकं पाडून ठेवलेली, शिकणाऱ्यांना सराव करायला, सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या ओवास्प संस्थेची फुकट मिळतात. बरेच डेमो अशाच कशावर तरी होतात आणि स्कॅनर धडाधड चुका दाखवतो, आपण 'वा वा' म्हणतो. अहो पण तिथे चुका आहेत हे अख्ख्या जगाला माहितीये! दवंडी पिटून ठेवलेला चोर पकडला. आमच्या कोडवर चालवून दाखवा म्हटलं की समोरची माणसं जरा गंभीर होतात.

आधी आत्या. आत्यानं पहिल्याच दिवशी आमच्या कोडमधे ४७१२ चुका काढल्या. माझी सख्खी आत्या दिवाळीला आली की उंबऱ्यातच सुरू होते, रांगोळी वाकडी, पायपुसणं ओलं, पंख्यावर धूळ, आणि गॅस चालू राहिलाय. यातली शेवटची गोष्ट खरंच महत्त्वाची असते पण ती चौथ्या नंबरला येते आणि तोवर घरातले सगळे बाल्कनीत गेलेले असतात. टूलचं डिट्टो तेच. ४७१२ मधल्या १९८ 'क्रिटिकल', मी आणि आमची ज्युनिअर पोरगी एक कॉन्फरन्स रूम पकडून बसलो, आणि पहिलीच ओळ: हार्डकोडेड पासवर्ड सापडला, म्हणजे कोडमधेच उघडा लिहून ठेवलेला. दोघींच्या काळजात धस्स. फाइल उघडली. कामगारांना पीएमपीच्या मासिक पासाचे पैसे पगारातून परत द्यायचे असतात, त्यासाठी कुणीतरी व्हेरिएबल केलेलं, 'बसपास', आणि त्याची किंमत 'मंथली'. नावात पास दिसला, पुढे अवतरणचिन्हात काहीतरी दिसलं, आत्यानं बोंब ठोकली. ४३ ठिकाणी. ज्युनिअर पोरगी म्हणाली, "ताई, गेटपासपण आहे आपल्याकडे." होता, सतरा ठिकाणी.

उरलेल्यांमधे टेस्टच्या फाइल्समधले खोटे पासवर्ड होते, आणि रॅंडम नंबर कच्च्या पद्धतीनं काढता अशी तक्रार, जी लॉगिनच्या टोकनसाठी असती तर अगदी बरोबर होती पण आमच्याकडे तो नंबर वाढदिवसाच्या पॉपअपवर फुगे कुठून उडवायचे ते ठरवतो.

एक मात्र कबूल करते, या टूलांचं काम कसं चालतं ते नीट समजून घेतलं तेव्हा मला माझ्या आजीची फार आठवण झाली. कोड चालवायचा नाही, नुसता वाचायचा, आणि बाहेरच्या माणसानं टाइप केलेली प्रत्येक गोष्ट ओवळी धरायची. मग ती ओवळी गोष्ट कुठे कुठे जाते, कुणाला शिवते, याचा माग काढायचा, ती जर धुतल्याशिवाय डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, गेली तर देवघरात ओवळं शिरलं, आरडाओरडा. याला टेंट अॅनालिसिस म्हणतात, आजी सोवळं म्हणायची. आणि भांडणही तेच. आम्ही आमचं स्वतःचं एक फंक्शन लिहिलंय जे आलेला मजकूर व्यवस्थित धुऊन देतं, पण टूलला ते फंक्शन माहीत नाही, त्यामुळे धुतलेलंही त्याच्या लेखी ओवळंच. आजीचा वॉशिंग मशीनवर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. टूलला निदान कॉन्फिगरेशनमधे लिहून समजावता येतं, आजीच्या बाबतीत ती सोय नव्हती.

जावई वेगळाच. जावई बोलतो कमी आणि बोलतो तेव्हा बऱ्याचदा बरोबर असतो, पण त्याची बडदास्त! आधी त्याला अख्खा कोड बिल्ड करून, म्हणजे चालवण्याजोगा बांधून द्यायचा, अर्धवट चालत नाही. मग वेगळा सर्व्हर, बत्तीस जीबी मेमरी. मग साडेतीन तास तो विचार करणार, तोवर सगळ्यांनी हळू बोलायचं. आणि पैसे माणशी. गेल्या नव्वद दिवसांत ज्यानं ज्यानं कोडमधे हात घातला तो प्रत्येक माणूस मोजणार. आमच्या एका इंटर्ननं रीडमी फाइलमधलं एक स्पेलिंग सुधारलं होतं, तोही मोजला गेला, आणि मॅनेजरनं त्या पोराकडे असं बघितलं की जणू त्यानं ऑफिसच्या पैशानं गाडी घेतली.

आत्याचे पैसे ओळींवर होते. जितक्या ओळी कोड तितके पैसे. मॅनेजर पक्का सदाशिव पेठेतला. "ओळीवर? म्हणजे पेपरातल्या छोट्या जाहिरातीसारखं? मग आपण पण तसंच लिहू की, वधू पाहिजे, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट." रिकाम्या ओळी आणि कॉमेंट मोजत नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, कारण तेवढ्यात त्यानं रिकाम्या ओळी काढायचं एक तिकीट, म्हणजे कामाची नोंद, माझ्या नावावर टाकूनही झालं होतं.

शेजारचा पोरगा फुकट. ओपन सोर्स, दीड मिनिटात सगळा कोड पळत पळत बघून येतो, सांगाल तेवढंच करतो. 'सांगाल तेवढंच' यात खोच आहे, काय शोधायचं ते नियम लिहून द्यावे लागतात, तयार नियम मिळतात पण आमच्या घरच्या सवयी त्याला कुठून माहिती. आणि तो एका फाइलपुरतं बघतो, एका फाइलमधे ओवळी झालेली गोष्ट तिसऱ्या फाइलमधे देवघरात शिरली तर त्याला पत्ता नाही.

मी एक परीक्षा घेतली. कोडच्या वेगळ्या ब्रॅंचवर, म्हणजे बाजूला काढलेल्या प्रतीवर, मुद्दाम दहा चुका पेरल्या, क्वेरीत थेट मजकूर चिकटवणं, फाइलच्या नावातून वरच्या फोल्डरमधे शिरणं, उघड्यावर ठेवलेली गुप्त किल्ली, असलं सगळं पाठ्यपुस्तकातलं, आणि तिघांना सोडलं. आत्यानं आठ पकडल्या, जावयानं सात, पोरानं पाच. मॅनेजर म्हणाला मग आत्याच की! मी म्हटलं थांब जरा. एकेका टूलचा रिपोर्ट एकेक आठवडा टीमला पाठवला आणि काहीच न बोलता बघत बसले. आत्याचा रिपोर्ट पहिल्या दिवशी सहा जणांनी उघडला, दुसऱ्या दिवशी दोघांनी, चौथ्या दिवशी कुणीतरी मेलला फिल्टर लावून तो परस्पर 'आत्या' नावाच्या फोल्डरमधे पाठवायला सुरुवात केली आणि तो फिल्टर कसा लावायचा हे बाकीच्यांना शिकवलं. चुका असल्या तर बिल्ड थांबेल असं सेटिंग करून पाहिलं, तर पोरांनी ओळीच्या शेवटी 'नोसेक' अशी कॉमेंट टाकायला सुरुवात केली, ती टाकली की टूल त्या ओळीकडे बघत नाही. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची टांगतात तशी प्रत्येक ओळीला नोसेक.

पोराच्या रिपोर्टमधे एकूण एकसष्ट गोष्टी होत्या. गुरुवारपर्यंत त्यातल्या त्रेपन्न दुरुस्त. कुणी सांगितलं नव्हतं. कोड टाकल्या टाकल्या त्याच पानावर, त्याच ओळीखाली, 'हे असं नको' एवढं दिसतं आणि माणूस तिथल्या तिथे बदलतो, बस. आठ चुका पकडून शून्य दुरुस्त होणार असतील तर त्या आठांचं काय लोणचं घालू?

मग ठरलं असं की पोरगा रोज, प्रत्येक बदलावर. बाहेरच्या लायब्रऱ्यांची यादी रात्री आपोआप तपासायची, ते एक वेगळं फुकट टूल, हळदीची भीती अजून गेलेली नाही. गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) इतिहासात कुणी पासवर्ड टाकलाय का ते बघणारं तिसरं, कारण गिट म्हणजे गावातली म्हातारी, तुम्ही आज पुसलं तरी सहा वर्षांपूर्वीचं तिला तारखेसकट आठवतं. आणि जावईसुद्धा घेतलाच, ३१ मार्चला संध्याकाळी सहा वाजता, सेल्सवाल्याचं टार्गेट राहिलं होतं म्हणून निम्म्या किमतीत, तिमाहीतून एकदा पाटावर बसवायचा आणि त्याचा रंगीत मुखपृष्ठवाला रिपोर्ट चाकणला पाठवायचा. चाकणवाले खूश. सत्ताविसावा प्रश्न, होय.

एप्रिलमधे मी टीमला एक छोटं भाषणसुद्धा दिलं, त्यात एक्सझेडची गोष्ट सांगितली. २०२४ च्या मार्चमधली. लिनक्समधे वापरली जाणारी साधी कॉम्प्रेशनची लायब्ररी, तिच्यात एकानं काही वर्षं सज्जन बनून काम करत करत मागचं दार बसवलं, आणि ते पकडलं अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं, का तर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपण भूमकर चौकात अर्धा तास अडकलो तरी आज लवकर सुटलो म्हणतो. सगळे हसले, मी पण हसले, मग सगळे जेवायला गेले.

आणि पुढच्या मंगळवारी भोसरीहून फोन. पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपचे अकाउंटंट, साठीचे असतील, आमचे जुने कस्टमर.

"मॅडम, मला शेजारच्या कारखान्याचं खरेदी बिल दिसतंय."

"असं कसं दिसेल काका, तुमचं लॉगिन वेगळं, त्यांचं वेगळं."

"ते मला काय माहिती. तुमचं सर्च फार हळू आहे, म्हणून मी वरती पत्त्यातच बिल नंबर टाकतो नेहमी. आज शेवटचा आकडा चुकला."

मी नंबर बदलून बघितला. दिसलं. अजून एक बदलला, तेही दिसलं. माणसानं लॉगिन केलंय का एवढं आम्ही तपासत होतो, बिल त्याचंच आहे का हे तपासतच नव्हतो. तिन्ही टूलांनी ती फाइल शंभरदा वाचली असेल, आणि त्यांचंही बरोबर, बिल नंबर सोवळ्यात आला, सोवळ्यात क्वेरीत गेला, सोवळ्यात उत्तर घेऊन परत आला, फक्त दुसऱ्याच्या घरचं. माझ्या त्या पेरलेल्या दहा चुकांतही ही नव्हती, मला सुचल्या त्याच मी पेरल्या होत्या. ओवास्पची २०२१ ची टॉप टेन यादी माझ्या टेबलावर प्रिंट काढून ठेवलेली आहे, कुणी काय बघावं याची तपासणी नसणं ही त्यात एक नंबरची चूक, आणि नेमक्या त्या एक नंबरवर माझा चहाचा कप असतो.

दुरुस्ती पंचवीस मिनिटांत झाली. मी काकांना परत फोन लावला, मनापासून माफी मागितली, म्हटलं काका, तुमचे उपकार झाले, फार मोठी गोष्ट पकडलीत, आता कुणाचं काही कुणाला दिसणार नाही.

"ते दिसणं-बिसणं तुम्ही बघा हो," काका म्हणाले, "मला एवढंच सांगा, तोच सप्लायर, तोच दोन एमएमचा पत्रा, मग त्यांना किलोमागे साडेतीन रुपये कमी कसा?"