कुपवाडकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: वय कशाला, ट्रायल घ्या

कुपवाडकर, नमस्कार. ‘३५ च्या आतलेच अर्ज करा’ अशा जाहिरातींवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं: पन्नाशीतला माणूस सीएनसी (संगणकाच्या कोडवर चालणारं मशीन) शिकत नाही, महाग पडतो आणि एकदा घेतला की कायद्यामुळे काढता येत नाही. त्याने सरळ रिक्षा चालवावी, हेही वर.

महागाचं आधी. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची रक्कम, वयावर नव्हे, तुमच्याकडच्या नोकरीवर मोजतात: वर्षाला १५ दिवसांचा पगार. आज घेतलेला ४८ वर्षांचा ऑपरेटर आणि पंचविशीतला पोरगा, दोघांचं खातं शून्यापासूनच सुरू होतं.

त्या ४८ वाल्याचं स्वतःचं गणित मात्र अवघड. पीएफच्या पेन्शनला किमान १० वर्षांची नोकरी लागते. सात वर्षं भरून त्याचा कारखाना बंद पडला असेल, तर उरलेली तीन कुठं भरायची? मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत प्रत्येक जाहिरात ३५ वर थांबली, तर एकरकमी पैसे हातात येतील, महिन्याची पेन्शन नाही. आणि रिक्षा म्हणाल, तर तिला कर्ज लागतं. बँकवालाही आधी वयच विचारतो.

आता कायदा. खासगी भरतीत वयाची अट घालायला आपल्याकडे कुणी अडवत नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांसाठी १९६७ चा कायदा आहे, आपल्याकडे तसा नाही. नोकरकपातीत ‘शेवटी आला तो आधी जाणार’ हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण तुम्ही आज घेतलेला पन्नाशीचा माणूस शेवटी आलेलाच असणार! मग हा नियम तुम्हाला कुठं आडवा येतो?

राहिलं सीएनसी. लेथवर आयुष्य काढलेल्याला टूल बोथट झालंय हे आवाजावरून कळतं. कोड शिकायला वेळ लागेल, तेवढे दिवस त्याला तरुण ऑपरेटरच्या शेजारी उभं करा. शिकवणी दोन्हीकडून होईल. मायक्रोमीटर वाचायला मशीनवर चांगला दिवा लावा, जड जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, उचलायला चेनपुली. ती तरुणांच्या कमरेलाही लागतेच.

रात्रपाळी सगळ्यांना झेपत नाही, हे तुमचं अगदी खरं. मग जाहिरातीत रात्रपाळी लिहा, मशीनचं नाव लिहा. ज्याला झेपणार नाही तो येणारच नाही, आणि जो येईल त्याच्या हातात ड्रॉइंग देऊन एक जॉब काढून घ्या.