पुरुषांचा निवारा काढायचा आहे? आधी एक लाटणे घ्या

घरात मार खाणाऱ्या किंवा घराबाहेर काढलेल्या पुरुषांसाठी चार खाटांचा निवारा काढावा, असा सद्विचार आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असेल, तर त्याने प्रथम बाजारात जाऊन एक चांगले लाटणे विकत आणावे. खाटा, गाद्या, पाण्याचे पिंप ही किरकोळ खरेदी मागाहून करता येते. आम्ही चार मित्रांनी कळव्याला दोन खोल्यांत असा निवारा सुरू केला, तेव्हा नेमके हेच विसरलो. आमच्या पोळ्या खालच्या पोळीभाजी केंद्रातून येतात, त्यामुळे घरात लाटणेच नव्हते. आणि गेल्या महिन्यात एका वाहिनीची मंडळी आली तेव्हा त्यांच्या कॅमेरामनला दोन जिने उतरून साठ रुपयांचे लाटणे आणावे लागले. पाहुण्याला खर्चात पाडल्याची खंत अजून जात नाही.

नाव ‘आश्रम’ ठेवावे. ‘निवारा’ म्हटले की कोणी फिरकत नाही.

जागेसाठी घरमालक ‘बॅचलर नकोत’ म्हणेल, तेव्हा ही सगळी लग्न झालेली माणसे आहेत असे त्याला सांगावे. तो अधिकच घाबरेल, पण अनामत वाढवून अकरा महिन्यांचा करार करील.

एखादे प्रतीकही हवे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पत्नीपीडित पुरुष आश्रमाने कावळा निवडला, आणि वटपौर्णिमेच्या तोंडावर पिंपळाला उलट्या फेऱ्या मारण्याचा कार्यक्रमही योजला. त्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथे किती जण राहतात, स्वयंपाक कोण करतो, कोर्टाच्या तारखांना जाण्याचे पैसे कुठून येतात, यांतले काही आपल्याला आठवते का? मला आठवत नाही; कावळा मात्र आठवतो. आश्रमवाल्यांनी कॅमेऱ्याला हवे ते पुरवले, हा त्यांचाही दोष आहे, पण कावळा नसता तर कॅमेरा तिथवर गेला असता का, हेही मला सांगता येत नाही.

परदेशातले दाखले मुळीच देऊ नयेत. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिकमध्ये एरिन पिझी यांनी मार खाणाऱ्या बायकांसाठी घर उघडले, तेव्हा तेही एक साधे घरच होते, हे सांगून वार्ताहराचा वेळ जातो. कॅनडात कॅलगरीला अर्ल सिल्व्हरमन यांनी स्वतःच्याच घरात पुरुषांसाठी निवारा चालवला, सरकारी मदत न मिळाल्याने २०१३ मध्ये त्यांना तो बंद करावा लागला आणि त्याच एप्रिलमध्ये त्यांनी आत्महत्या केली, हे तर अजिबात सांगू नये, कारण त्यात हसण्याजोगे काही नाही.

मुलाखतीत कायद्याविषयी जपून बोलावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात ‘पीडित व्यक्ती’ म्हणजे स्त्री, आणि त्यातली आश्रयगृहे तिच्यासाठीच आहेत. ते रास्तच आहे, कारण घरात मार खाणाऱ्यांत बायकाच कितीतरी अधिक आहेत आणि त्यांचीच आश्रयगृहे पुरी पडत नाहीत. आम्हाला त्यांच्या ताटातले काही नको, चार पुरुषांना रात्री आतून कडी लावता येईल एवढी जागा हवी, असे मी त्या वार्ताहर मुलीला दहा मिनिटे समजावले. ती मान डोलावत होती. रात्री पडद्यावर अक्षरे उमटली, ‘कायदा फक्त बायकांचाच!’ आणि खाली चार खिडक्यांत चार माणसे एकमेकांवर ओरडू लागली. आकडेही तसेच. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. या साऱ्यांना बायकांनी छळले असे म्हणणारा खोटे बोलतो, हेही मी सांगितले होते. आकडा दाखवला, पुढचे वाक्य कापले.

आता रहिवाशाच्या मुलाखतीविषयी. आमच्याकडे एक चोपन्न वर्षांचे गृहस्थ होते. त्याआधी पंधरा दिवस ते वागळे इस्टेटमधल्या आपल्याच वर्कशॉपमध्ये पुठ्ठ्यावर झोपत होते. मनगटापासून कोपरापर्यंत उकळत्या तेलाचा डाग. रोज सकाळी उठून चादरीची चौघडी घालून उशीखाली सरकवायचे, कोणाला आपला पसारा दिसू नये म्हणून. त्यांच्या हातात लाटणे देऊन ‘काका, जरा घाबरल्यासारखे पाहा’ असे सांगण्यात आले. त्यांनी लाटणे नुसते धरून ठेवले. नंतर मागे गमतीचे संगीत घातले आणि शीर्षक दिले, ‘लाटण्याचे निर्वासित’. चेहरा धूसर केला होता, हे उपकार. पण चौकड्यांचा शर्ट, तो आवाज आणि आमच्या इमारतीचे फाटक जसेच्या तसे ठेवले. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या पोरांनी त्यांच्या टेबलावर लाटणे ठेवले.

तिसऱ्या दिवशी ते गेले. कुठे, ते सांगितले नाही. फोन लागत नाही.

मला आता सल्ले देता येत नाहीत. त्या जागी भाजलेली बाई असती तर तुम्ही तिच्या हातात झारा दिला असता का? शर्ट बदलायला सांगण्याला किती वेळ लागतो? फाटक गाळायला किती? आणि वाहिनीलाच कशाला बोलू, ती चित्रफीत आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर सात वेळा आली, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांसकट. त्यांतल्या एकाने मागे मला हळूच विचारले होते, तुमच्याकडे खाट रिकामी आहे का हो. त्यानेही ती पुढे पाठवली. खाट रिकामीच आहे, आणि लाज वाटत असेल तर ती चित्रफीत आधी पुसून टाका.